तिसगावच्या मामांचं दुसरं मत

साक्षात ब्रह्मदेव दारात उभा राहिला आणि म्हणाला, "वत्सा, मी ब्रह्मदेव," तर आमचे तिसगावचे मामा त्याला ओसरीवर बसवतील, तांब्याभर पाणी देतील, आणि मागच्या दाराने हळूच बाहेर पडून विष्णूला विचारून येतील. यात ब्रह्मदेवाचा अपमान करण्याचा हेतू मुळीच नसतो. मामांचं म्हणणं एवढंच, की एकाने सांगितलेली गोष्ट ही अर्धीच सांगितलेली असते. उरलेली अर्धी दुसऱ्याकडे असते. ब्रह्मदेवाला तोंडं चार असली तरी मत एकच धरायचं, हा त्यांचा हिशेब.

मामा माझ्या बायकोचे. तिसगावच्या बाहेर, रस्त्यापासून थोडी आत त्यांची वस्ती आहे. बाजरी, तूर, विहिरीला पाणी असेल त्या साली कांदा, आणि दारापुढे एक कडुलिंब. नगरला आमच्याकडे यायचं तर ते एसटी स्टँडवर आधी पाटी वाचतात, मग कंडक्टरला विचारतात, आणि शेवटी गाडीला वळसा घालून ड्रायव्हरच्या खिडकीखाली उभे राहतात. "कंडक्टर तिकिटं फाडतो, गाडी ह्यो चालवतो. जायचं कुठं हे ह्याला म्हायती पायजे." पाटीवर आता अहिल्यानगर असतं, मामा तिकीट नगरचं मागतात, आणि ड्रायव्हर, कंडक्टर, मामा असे तिघेही शेवटी एकाच ठिकाणी उतरतात. घरात भिंतीवर दोन घड्याळं आहेत. त्यांचं आपसात कधी जमलं नाही. मामा दोन्ही बघतात आणि मधली वेळ धरतात. पाऊस येणार का हे मोबाईल सांगतो, पण मोबाईलचं झालं की मामा स्वयंपाकघराकडे तोंड करून ओरडतात, "अगं, गुडघा काय म्हन्तोय?" मामींचा गुडघा मोबाईलपेक्षा जास्त वेळा खरा ठरतो, आणि मामींना त्याचा अभिमान आणि त्रास दोन्ही आहे. वर्तमानपत्रं अर्थातच दोन येतात. एका पेपरात आलेली बातमी मामा दुसऱ्या पेपरात शोधतात, आणि सापडली नाही तर ती घडली नाही असं समजून त्या दिवसापुरते निश्चिंत होतात.

माझं लग्न ठरलं तेव्हा मी स्वतः या कसोटीतून गेलो आहे. मुलगी बघून झाली, पोहे झाले, दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांनी माना डोलावल्या, आणि सगळे उठणार एवढ्यात कोपऱ्यात बसलेले एक फेटेवाले गृहस्थ माझ्याकडे मोसंबी निवडल्यासारखं बघत म्हणाले, "बरं वाटतंय. पन बघू." दुसऱ्या दिवशी ते आमच्या गल्लीत उगवले. पिठाच्या गिरणीवर बसून त्यांनी गिरणीवाल्याला विचारलं, "त्या तिसऱ्या घरातलं पोरगं दळन न्यायला येतं, का आईला पाठवतं?" मग इस्त्रीवाल्याला विचारलं, "भांडतं का?" दोघांनीही माझ्याविषयी चांगलंच सांगितलं. पुढे लग्नाला कैक वर्षं होऊन गेल्यावर एकदा जेवताना मामा म्हणाले, "जावईबापू, खरं सांगू का? दोघांनी बी चांगलंच सांगितलं, तवा मला जरा शंका आलती. दोघांचं एक आलं की काई तरी गडबड असती."

असा हा माणूस. गेल्या वर्षी संक्रांत होऊन गेली आणि त्यांचं डोकं दुखायला लागलं.

आमच्या भागात डोकं दुखणं ही खाजगी गोष्ट नाही. मामांचं डोकं दुखतं म्हटल्यावर वस्तीवरचं प्रत्येक जण आपापलं मत घेऊन आलं, आणि मामांना तर मतांची भूकच. सुंठ उगाळून कपाळावर लेप झाला. मामींनी मीठ-मोहऱ्या उतरवून चुलीत टाकल्या. तडतडल्या पुष्कळ, डोकं तसंच. कुणी म्हणालं पित्त, कुणी म्हणालं अर्धशिशी, कुणी म्हणालं मोबाईल उशाशी घेऊन झोपता म्हणून. मोबाईल गोठ्यात झोपायला गेला. गावातल्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. गोळी घेतली की डोकं थांबायचं आणि दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा हजर. मामा फोनवर मला सगळं तपशीलवार सांगायचे आणि मजेत असायचे. दुखणं हे त्यांच्या दृष्टीने मतं गोळा करण्याचं एक निमित्त होतं.

शिमग्याच्या सुमाराला मात्र हे बदललं. आठवडे बाजारात कुणीतरी त्यांना सांगितलं, की श्रीगोंद्याला कुणाच्या तरी साडूचं असंच डोकं दुखत होतं, आणि तपासलं तर आत गाठ निघाली. तो साडू कोण, पुढे त्याचं काय झालं, काही कळलं नाही. आणि मामांनी – हे फोनवर त्यांच्याच तोंडून ऐकून मी पहिल्यांदा घाबरलो – त्याबद्दल दुसऱ्या कुणालाही विचारलं नाही. आयुष्यात प्रथमच एका तोंडची गोष्ट त्यांनी पूर्ण धरली. त्यांचे फोन कमी झाले. शिमग्याआधीच त्यांनी विहिरीजवळच्या तुकड्यात संत्र्यासाठी खड्डे घेतले होते, ऊन खायला उघडे ठेवले होते, रोपं कधी आणताय विचारलं तर म्हणायचे, "बघू. संत्र्याला फळ यायला चार-पाच सालं लागत्यात." मग एके दिवशी त्यांनी मामींना विहिरीवर नेलं आणि मोटर कशी चालू करायची, फ्यूज कुठला, वायर कशी बघायची हे शिकवायला सुरुवात केली. मामींनी पदर खोचून सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "अवो, तुमी बाजारात बसताय तवा ही मोटर कोन चालू करतंय? गुडघा?" मग मामांनी गॅसचं बुकिंग शिकवायला घेतलं. तेही मामीच करत होत्या. जाण्याआधी सोपवून जावं असं आपल्याकडे काहीच नाही, हे लक्षात आल्यावर मामा दिवसभर खिन्न होते. कारण न कळून मामींनीच ते माझ्या बायकोला सांगितलं. बायको मला म्हणाली, "उद्याच्या उद्या आणा त्यांना."

नगरमधल्या ज्या डोक्याच्या डॉक्टरांकडे मी त्यांना नेलं, त्यांच्या इमारतीला पुढून सगळी काच होती. आत शिरताच कारंजं. कारंज्यामागे डॉक्टरांचे फोटो: डॉक्टर मंत्र्यांबरोबर, डॉक्टर कीर्तनकारांबरोबर, डॉक्टर सायकलवर, डॉक्टर बर्फात. नावाच्या पाटीवर पदव्या मावल्या नव्हत्या, म्हणून शेवटच्या दोन कोपऱ्यावरून वळवून बाजूच्या भिंतीवर घेतल्या होत्या. मामांनी ते सगळं नीट वाचायचा प्रयत्न केला, मान मागे नेली, डोळे बारीक केले आणि सोडून दिलं. मला हळूच म्हणाले, "दवाखाना चालतोय चांगला. डॉक्टरचं काई सांगता येत न्हाई."

मामांच्या मते रोग्याने डॉक्टरला काही सांगायचं नसतं. "मीच सांगायचं तर मंग तो कशाला?" हात पुढे करायचा, नाडी बघून त्याने सांगायचं. त्यातही आधी डावा हात द्यायचा, मग उजवा, आणि दोन्ही हातांचं जमतं का ते बघायचं. त्याप्रमाणे डॉक्टर दोन मदतनिसांसह आत आले तेव्हा मामांनी गंभीरपणे डावा हात पुढे केला. डॉक्टरांनी हसून शेकहॅंड केला. मामांनी तो हात काढून घेतला आणि उजवा पुढे केला. डॉक्टरांनी तोही हलवला. पुढचे प्रश्न मग मशीनगनसारखे आले.

"बीपी?"

"न्हाई."

"शुगर?"

"फॅक्टरीत."

"तंबाखू?"

"शेजारी खातो."

"चष्मा?"

"हाय की."

"नंबर तपासलाय?"

"यंदाच तपासलाय."

"गुड. स्कॅन करून घ्या."

मामा त्या बोगद्यासारख्या यंत्रातून बाहेर आले ते टोपी शोधत. "आत कोनी तरी पत्रं ठोकतंय," एवढंच बोलले. संध्याकाळी रिपोर्ट आला. डॉक्टर उभ्या उभ्या म्हणाले, "एकदम क्लीन. काही नाही. टेन्शन घेऊ नका," आणि निघून गेले. मला वाटलं, सुटलो. मी गाडी काढायला खाली गेलो, परत आलो, तर मामा कारंज्यापाशी बसून माझी वाट बघत होते.

"काय सांगितलं तुमाला?"

"कुणी?"

"डॉक्टरनी. बाजूला घिऊन."

"मामा, मी गाडीपाशी होतो. मला कुणी बाजूला घेतलं नाही."

मामांनी माझ्याकडे बघितलं. त्या नजरेत राग नव्हता, उलट फार समजूत होती. आपल्याकडे घरच्यांना बाजूला घेऊन खरं सांगतात आणि रोग्याला 'काही नाही' म्हणतात, ही रीत त्यांना पक्की ठाऊक होती. गावात अशा दोन-तीन जणांच्या वेळी त्यांना स्वतःलाच बाजूला घेतलेलं होतं. गाडीत बसल्यावर म्हणाले, "तुमच्या मामीला काई सांगू नका म्हंजे झालं." काय सांगू नका, हे त्यांनी सांगितलं नाही, आणि जे नव्हतंच ते मी लपवतो आहे ही त्यांची समजूत काढायची कशी, हे मला तिसगाव येईपर्यंत सुचलं नाही.

त्यानंतर काही दिवसांनी मात्र फोन आला, आणि आवाजात थोडा जुना कस होता. "जावईबापू, दुसरं मत घ्यायचं. देवळाली प्रवऱ्याला." मी म्हटलं, नगरमध्येच दुसरे चार डॉक्टर आहेत. मामा म्हणाले, "न्हाई. एका पान्याचे डॉक्टर एकच सांगत्यात. आपलं सगळं कोरडवाहू. दुसरं मत पाटपान्याचं पायजे." देवळाली प्रवरा हे प्रवरेच्या कालव्यावरचं उसाचं गाव, एवढंच ते शास्त्र. खरं कारण मला कळत होतं: जिथे आपल्याला कुणी ओळखत नाही, तिथे बाजूला घेऊन सांगायलाही कुणी नसतं. बाजारातल्या एका ऊस-मुकादमाने त्यांना तिथल्या एका म्हाताऱ्या डॉक्टरीणबाईंचं नाव सांगितलं होतं. ठरल्या दिवशी मी वस्तीवर पोचलो, तर मामी नवं लुगडं नेसून, चष्मा लावून, गाडीच्या पुढच्या सीटवर बसायला तयार.

"तू कशाला?" मामा म्हणाले.

"पहिल्या येळंला तुमी गेलता, काय झालं ते तुमालाच म्हायती. आता मी माज्या कानानी ऐकनार. दुसरं मत तुमालाच घेता येतं व्हय?"

मामा निमूटपणे मागे बसले.

डॉक्टरीणबाईंचा दवाखाना राहत्या घराच्या पुढच्या खोलीत होता. पाटी एवढीशी. बाहेरच्या रस्त्यावरून ट्रॅक्टर गेला की टेबलावरचा पेला वाजायचा. बाईंनी मामांचा पुढे आलेला डावा हात घेतला, नाडी मोजली, मग न बोलता उजवा घेतला, तोही मोजला. मामांच्या चेहऱ्यावर बऱ्याच दिवसांनी थोडं तेज आलं. मग बाईंनी नगरच्या स्कॅनची फिल्म खिडकीच्या उजेडात धरून बराच वेळ बघितली आणि म्हणाल्या, "यात गाठबीठ काही नाही हो."

मामा खुर्चीत पुढे सरकले. "बाई, ह्यांना वळखता?" माझ्याकडे बोट.

"नाही."

"नगरच्या त्या डॉक्टरला?"

"नाही."

"मला?"

"आत्ताच तर बघतेय."

"मंग एकदा परत सांगा."

"गाठ नाही," बाई म्हणाल्या. "कुठेच नाही."

मामांनी श्वास सोडला, आणि तो सुटताना मामींनी ऐकला. "गाठ? कसली गाठ?" त्यांनी आधी माझ्याकडे बघितलं, मग मामांकडे. "अवो, शिमग्यापास्नं तुमी डोक्यात गाठ घिऊन हिंडताय आन् मला मोटर शिकवताय?" मामा जमिनीकडे बघत होते. "म्हनून खड्डे उघडे ठिवले व्हय? मला वाटलं रोपं म्हाग झाली." त्यांचा आवाज जरासा हलला, मग त्यांनी तो रागावर नेऊन सावरला. "घरी चला, मंग बघते."

बाईंनी दोघांनाही पाणी दिलं आणि डोकं नेमकं कधी दुखतं ते विचारलं. मामा नियमाप्रमाणे गप्प. मामी म्हणाल्या, "दुपारी. पेपर वाचून झालं की."

"बातम्याच तशा असत्यात," मामा म्हणाले.

बाई हसल्या आणि एका चिठ्ठीवर साधी गोळी लिहून दिली. फार दुखलंच तर घ्यायची. न वाचलेली चिठ्ठी मामा खिशात घालत नाहीत. त्यांनी ती डाव्या हातात धरली आणि उजवा हात न बघताच बाजूला केला. मामींनी न बघताच आपल्या नाकावरचा चष्मा काढून त्यांच्या तळहातावर ठेवला. मामांनी तो लावला, "जेवनानंतर एक" असं मोठ्याने वाचलं, चष्मा काढून परत दिला, मामींनी तो लावला. हे सगळं इतकं सहज झालं, पान खाणाऱ्या नवरा-बायकोंनी आपसात चुना द्यावा-घ्यावा तसं. माझ्या तर ते डोळ्यांसमोरून गेलं आणि लक्षातही आलं नाही. बाईंचं पेन मात्र थांबलं.

"चष्मा कुणाचा?"

"आमचा," दोघेही एकदम म्हणाले.

"आमचा म्हणजे?"

"घरचा," मामा म्हणाले.

बाईंनी चष्मा मागून घेतला. खिडकीतून दिसणाऱ्या विजेच्या खांबाकडे त्यातून बघितलं, काच पुढे-मागे केली. "हा तपासून कुणाच्या डोळ्यांना दिलाय?"

"माज्या," मामी म्हणाल्या. "संक्रांतीला शाळेत शिबिर हुतं."

"पन मी बी घालून बघितला," मामा घाईने म्हणाले. "म्हटलं, एकट्या डॉक्टरच्या भरवशावर हिच्या डोळ्यावर काई बी कसं ठिवायचं? घातला, तर अक्षर ह्ये एवढालं! आदी हात लांब करून वाचायचो, पुढं हात बी पुरंना झालता. तवापास्नं ह्योच."

"रोज किती वेळ लावता?"

"दोन पेपर हुस्तोवर. हिला वाचून दाखिवतो ना. चष्मा माज्याकडं आल्यावर तिला काय दिसनार?"

बाईंनी चष्मा टेबलावर ठेवला. "आजोबा, आजींच्या दोन डोळ्यांचे नंबर वेगवेगळे आहेत. एक काच एका तऱ्हेची, दुसरी भलत्याच. त्यातून तुम्ही रोज दोन पेपर ओढून वाचताय. डोकं दुखेल नाही तर काय? मला वाटतं, हेच कारण असावं. पंधरा दिवस हा लावू नका. स्वतःचे डोळे तपासून स्वतःचा चष्मा करा. तरी दुखलं तर माझ्याकडे या."

मग पहिल्यांदा मामी हसल्या, तोंडाला पदर लावून; मग बाई; मग मी. दुसरं मत घेण्यात आयुष्य घालवलेल्या माणसाने डोळेही दुसऱ्याचे घेतले होते. मामा हसले नाहीत. ते बाईंकडे आदराने बघत होते. बाहेर आल्यावर म्हणाले, "डॉक्टर खरी. 'मला वाटतं' म्हनाली."

समोर रसवंती होती. मामांनी एक ग्लास उसाचा रस घेतला, डोळे मिटून संपवला, आणि आम्हाला घेऊन रस्त्यापलीकडच्या दुसऱ्या रसवंतीत गेले. "पयला गोड हुता. पन बघू." दुसऱ्याही ग्लासात आलं-लिंबू होतं आणि तोही गोड होता, आणि त्या दिवशी दोन मतं जुळल्याचं त्यांना काही वाटलं नाही. परतीच्या वाटेवर एका रोपवाटिकेपाशी त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "जरा थांबवा." गाडीची डिकी भरली, मागची सीट भरली. मामींनी एक रोप मांडीवर घेतलं, त्याचा शेंडा त्यांच्या चष्म्याला लागत होता. माझ्या गाडीत त्या दिवशी जी माती सांडली तिचा काही अंश अजून पायाखाली आहे. मीही झाडलेला नाही. गाडीत मामा अखंड बोलत होते. शिमग्यापासूनचं सगळं साठलेलं होतं. कुठलं रोप कुठल्या खड्ड्यात, पहिली फळं कुणाला, दुसरी कुणाला. मामी मधेच म्हणाल्या, "आन् मोटर कोन चालू करनार?"

"तूच," मामा म्हणाले. "तुला येतंय की."

नव्या चष्म्यासाठी मामांनी अर्थातच दोन ठिकाणी डोळे तपासले. दोन्हीकडे एकच नंबर आला. "काई तरी गडबड हाय," म्हणून फोन आला, पण चष्मा केला. मग रोज संध्याकाळी फोन. "काल दुखलं न्हाई. आज बी न्हाई. उद्या बघू." काही दिवसांनी फोन थांबले, तेव्हा आम्ही समजलो, की दुखणं कायमचं थांबलं.

दिवाळीनंतर मी वस्तीवर गेलो. संत्र्याची रोपं गुडघ्याएवढी झाली होती. कुठल्या गुडघ्याएवढी, हे मामांनी मामींना उभं करून दाखवलं. दुपारी कडुलिंबाखाली खाटेवर दोघे बसले, दोन पेपर मधे. मामांच्या नाकावर त्यांचा स्वतःचा चष्मा होता. मामींनी मला हळूच सांगितलं, की नवा चष्मा आला तसे सुरुवातीचे काही दिवस दोघांनी आपापला पेपर आपापला वाचला. "ते बातमी वाचायचे, मी बातमी वाचायचे. कोनी कोनाला काई सांगायचंच न्हाई. घर कसं मुकं झालं हुतं."

"मग?"

"मंग माजा चष्मा हरवला," मामी म्हणाल्या.

तो त्यांच्या गळ्यात दोरीला लोंबत होता. मला दिसत होता. मामांना तर हातभर अंतरावरून, स्वतःच्या नंबरच्या काचेतून, नक्कीच दिसत होता. पण त्यांनी पहिला पेपर उघडला, घसा साफ केला आणि मोठ्याने वाचायला लागले. मामी डोळे मिटून, गुडघ्यावरून हात फिरवत ऐकत होत्या. पेपर संपला. मामांनी घडी घातली, थोडा वेळ रोपांकडे बघितलं आणि विचारलं, "खरं असंल का गं ह्ये सगळं?"

मामींनी डोळे उघडले नाहीत.

"मला काय म्हायती," त्या म्हणाल्या. "दुसरा वाचा."